भिंतीवरची कोरी जागा

१

"ओत रे, अजून ओत! हात आखडता घेऊ नकोस!" ओलेटा क्रेन्शॉ काठावरून ओरडत होती.

तळ्याच्या मधोमध, मागं भलामोठा पंखा लावलेल्या चपट्या होडीत उभा असलेला ऑस्मानी हसला. त्यानं आणखी एका कॅनचं बूच उघडलं आणि निळ्या रंगाची धार पाण्यात सोडली. दौत लवंडावी तसा रंग पसरत गेला आणि ओलेटानं चक्क टाळ्या पिटल्या. सत्तरीला टेकलेली बाई, पण त्या सकाळी तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

ठरणार तरी कसे? दोन वर्षं हायड्रिला नावाच्या पाणतणानं टर्टल बेल वसाहतीच्या या तळ्याचा गळा धरला होता. तळापासून वर येणारं ते हिरवं जंजाळ, त्यावर शेवाळाची जाड साय, आणि ऊन तापलं की असा वास सुटायचा की माणसं खिडक्या लावून जेवायची. होडी घातली की मोटारीच्या पात्यांत वेल अडकलाच म्हणून समजा. तळी साफ ठेवणं हा ऑस्मानीचा धंदा. त्यानं तुकड्यातुकड्यानं औषध मारलं, गवत खाणारे गवत्या मासे सोडले, ते पळू नयेत म्हणून पाणी बाहेर जातं तिथं लोखंडी जाळी ठोकली. आता शेवटचा उपाय हा रंग. पाणी गडद झालं की ऊन तळाशी पोचत नाही आणि उरलंसुरलं तण उपाशी मरतं.

ओलेटा तळं समितीची अध्यक्ष होती, पण हा आनंद अध्यक्षाचा नव्हता, बायकोचा होता. तिचा नवरा बर्ल उभा जन्म कोळंबीच्या बोटीवर सुकाणू धरून राहिलेला माणूस. गेल्या दोन वर्षांत त्याचं डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. पाठ वाकली, पाय घासत चालू लागला. पूर्वी तो तिला लाडानं 'कॅप्टन' म्हणायचा. बोटीवर कॅप्टन मी, घरात तू, असं त्यांचं ठरलेलं. आता तो तिला 'अहो बाई' म्हणत असे. अगदी अदबीनं, वाटेत भेटलेल्या परक्या बाईला म्हणावं तसं.

त्यांची मुलगी कोरिन अटलांटाहून चार जुलैला येणार होती. तिनं वृद्धाश्रमात बापासाठी जागाही बघून ठेवली होती. "आई, अगं तू एकटी किती दिवस ओढणार?" ती फोनवर म्हणाली होती. त्यावर ओलेटानं पैज मारली. चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, तळ्यात होड्यांची मिरवणूक निघते. दोन वर्षं तणानं ती बंद पडलेली. यंदा पहिली होडी बर्ल हाकणार. डोकं विसरलं म्हणून हात विसरत नाहीत. त्यानं फेरी नीट पुरी केली, तर तो घरी राहणार. कोरिननं बरं म्हटलं होतं.

ऑस्मानीनं होडी काठाला लावली. "मॅडम, एक लक्षात ठेवा. पंप दोन-चार दिवस बंद ठेवा. तुमच्या हिरवळीचे फवारे याच तळ्याचं पाणी ओढतात. रंग जरा मुरू दे."

"पंप बंद? ऐन उन्हाळ्यात? वेडा की काय तू? गवत पिवळं पडलं तर समितीची नोटीस येते दारात!"

"पण समितीत तुम्हीच आहात ना?"

"म्हणून तर!" ओलेटा म्हणाली, आणि दोघंही पोट धरून हसले. पंप चालूच राहिला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा हार्लन दारात येऊन काठी आपटायला लागला. "ओलेटाबाई! बाहेर ये! तुझ्या तळ्यानं माझं घर रंगवलं!"

खरंच की. पहाटे फवारे उडाले होते आणि तळ्याकडच्या सगळ्या पांढऱ्या भिंती माणूसभर उंचीपर्यंत फिक्या निळ्या झाल्या होत्या. ओलेटानं कपाळाला हात लावला. पण हार्लन रागावलेला दिसत नव्हता. त्याचे डोळे लकाकत होते.

"ते सोड. हे बघ."

त्याच्या मागच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला, एक जागा पांढरीच राहिली होती. डोकं, मान, खांदे, खाली दोन पाय. फवारा उडत असताना मध्ये कुणी उभं राहिलं असतं, तर त्याच्या आडोशानं भिंतीवर जशी कोरी जागा राहील, अगदी तशी.

"कचऱ्याचा डबा असेल," ओलेटा म्हणाली.

"माझ्या कचऱ्याच्या डब्याला कान आहेत का?"

"मग झुडूप असेल."

"झुडूप चालत गेलं वाटतं कुठं! आणि खांदा बघ गं, खांदा!"

हार्लन जन्मभर टपाल वाटत हिंडला होता. पिशवीच्या ओझ्यानं त्याचा उजवा खांदा कायमचा उतरलेला. भिंतीवरच्या त्या आकाराचाही एक खांदा उतरलेला होता. ओलेटाच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. "अरे, हा तर तूच! उभा राहा बघू, फोटो काढते."

हार्लन ऐटीत भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पण जमेना. आकाराचा उतरलेला खांदा तिच्या उजव्या हाताला होता आणि हार्लनचा डाव्या.

"उलटा पडतोय," ती म्हणाली. "नाही, थांब. भिंतीकडे तोंड कर."

हार्लन वळला. एक पाऊल पुढं झाला. आणि तो त्या जागेत असा बसला की कुठंही एक बोटभर पांढरं उरलं नाही. त्याचं तोंड खिडकीच्या कडेला आलं होतं. तिथून आतला पलंग सरळ दिसत होता.

"म्हणजे जो कुणी होता," हार्लन तसाच उभा राहून म्हणाला, "तो आत बघत होता. मी झोपलो होतो तिकडं." मग तो खो खो हसला. "आणि काठी नव्हती हं त्याच्याकडे! ताठ उभा होता बेटा!"

३

दुसरीकडे असतं तर लोक घाबरले असते. टर्टल बेलमध्ये लोकांना उत्सव मिळाला. म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीत घडतंच काय एरवी? रोज पहाटे फवारे उडत आणि रोज एखाद्या नव्या भिंतीवर त्या घरचंच माणूस उमटलेलं असे. लोक गोल्फच्या गाड्या काढून बघायला निघत. "तुझं आलं का? माझं आलं!" अशा हाका तळ्यावरून जात. पलीकडच्या काठावरच्या फाल्कोनबाईंनी तर आपल्या आकाराभोवती कागदी फुलांची माळ लावली आणि येईल त्याला उकडलेल्या शेंगा वाटल्या. फाल्कोनबाईंना कानात यंत्र घातल्याशिवाय ऐकू येत नसे. त्या सगळ्यांशी ओरडून बोलत आणि सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत.

ओलेटाही हिरिरीनं फिरत होती. तळं तर असं मोकळं होत होतं की बघत राहावं. हायड्रिलाच्या तपकिरी दोऱ्या सुटून काठाला लागत होत्या आणि ऑस्मानी त्या दाताळ्यानं ओढून बाहेर काढत होता. मिरवणुकीला आणखी काय हवं?

"एक गोष्ट कळत नाही, मॅडम," ऑस्मानी एका सकाळी म्हणाला. "गवत्या मासे बघा."

तळ्याच्या तोंडाशी, लोखंडी जाळीजवळ, पाणी खदखदत होतं. हातभर लांबीचे मासे एकमेकांवर चढून जाळीला थोबाडं घासत होते. तळ्यातले झाडून सगळे मासे तिथं गोळा झाले होते.

"पाण्यातली हवा कमी झाली असेल. तण मेलं की होतं ना तसं?"

"तेच मलाही वाटलं. मोजून पाहिली. हवा भरपूर आहे." त्यानं खांदे उडवले. "यांना फक्त बाहेर जायचंय."

ओलेटा घरी आली तेव्हा बर्ल सरकत्या काचेच्या दारासमोर उभा होता. त्याला ती काच हल्ली समजत नसे. तळहातानं सगळीकडे चाचपत बसायचा. म्हणून ओलेटानं दाराच्या मुठीला लाल फीत बांधली होती. फीत दिसली की त्याला दार सापडे. पण पहाटे उठून तो भलतीकडे जाऊ नये म्हणून अगदी वर, त्याच्या ध्यानात येणार नाही अशी, एक कडीही होती.

"अहो बाई," बर्ल म्हणाला, "त्या माणसांना आत का घेत नाही तुम्ही?"

"कुठली माणसं रे, राजा?"

"सकाळी उभी असतात ती. भिजतात बिचारी."

ओलेटानं त्याला खुर्चीत बसवलं, गार चहा दिला. त्याचं डोकं ठिकाणावर नाही, हे तिला माहीत होतं. तरी त्या दुपारी तिनं पडदे जरा लवकर ओढले.

४

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी हार्लन तिच्या अंगणासमोरून पळत गेला. चालत नव्हे, पळत. हातात काठी नाही.

"हार्लन! अरे, गुडघा?"

"कसला गुडघा?" तो जागेवर उड्या मारत म्हणाला. "तुझ्या तळ्याची कृपा, ओलेटाबाई! उद्या मी नाचणार आहे!"

फाल्कोनबाई तिकडून आल्या. कानात यंत्र नव्हतं. "किती ओरडतेस गं," त्या हळूच म्हणाल्या, "मला ऐकू येतंय सगळं." आणि गोड हसल्या.

ओलेटाला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्यात कुठंतरी खडा लागत होता. फाल्कोनबाई इतकी वर्षं तिला 'पोरी' म्हणायच्या. आज म्हणाल्या नाहीत. असेल, सुचलं नसेल. उद्याच्या गडबडीत कुणाला काय सुचतंय! तिनं मनाची समजूत घातली आणि होडीला लावायच्या पताका आणायला हार्लनकडे गेली.

हार्लन घरामागं होता. त्यानं पाण्याच्या जोराच्या झोताचं यंत्र भाड्यानं आणलं होतं आणि शीळ घालत भिंत धूत होता. पहिला आकार त्यानं धुऊन टाकला होता. उरला होता तो दुसरा. हा नवा होता. खिडकीच्या अगदी जवळ, कपाळ काचेला टेकलंय असा. उजवा खांदा उतरलेला. कंबरेत वाकलेला. आणि बाजूला एक बारीक सरळ रेघ, जमिनीपर्यंत.

"ही तर तुझी काठी," ओलेटा म्हणाली.

"हं."

"म्हणजे हा... हार्लन, तू सकाळी बाहेर उभा होतास का?"

हार्लननं झोत त्या आकाराच्या डोक्यावर धरला. "जुनं झालं की धुऊन टाकायचं, ओलेटा. पताका तिथं पेटीत आहेत, घे."

परत येताना ती मुद्दाम तळ्याच्या काठानं आली. हार्लनच्या घरासमोर, पाण्याच्या कडेला, चिखलात त्याची काठी पडली होती. तिथपर्यंतचं गवत दबलेलं होतं, पाय घासत कुणी गेल्यासारखं. पाणी एवढं गडद निळं की वीतभर खालचंही दिसत नव्हतं. ओलेटा पूर्वी बसचालक होती. वीस वर्षं तिनं शाळेची पोरं आणली-नेली, आरशात न बघता कधी गाडी मागं घेतली नाही. तिला दिसलं ते दिसलं. पण उद्या मिरवणूक होती, उद्याच कोरिन येणार होती, आणि पंप बंद कर असं तिचं मन आतून सांगत असताना ती पताका ओवत बसली.

आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. सगळ्यांच्या भिंतीवर माणूस आलं होतं. तिच्या आणि बर्लच्या भिंतीवर अजून नव्हतं. आणि ती वाट बघत होती.

५

पहाटे फवारे सुरू झाले त्या सळसळाटानं तिला जाग आली. शेजारी बर्ल नव्हता.

ती अनवाणीच बाहेरच्या खोलीत आली. झुंजुमुंजू उजाडलं होतं. बर्ल पायजम्यात, वाकलेला, काचेच्या दारासमोर उभा होता. त्यानं उजवा तळहात काचेवर ठेवला होता. काचेच्या पलीकडून, निळ्या ओघळांतून, दुसरा तळहात बरोबर त्याच जागी टेकलेला होता.

ओलेटा थिजली. प्रतिबिंब, तिनं स्वतःला सांगितलं. आत दिवा नाही, बाहेर उजाडतंय, मग प्रतिबिंब कसं पडेल, हेही तिनंच स्वतःला विचारलं. बाहेरचा माणूस ताठ होता. बर्लपेक्षा चांगला चार बोटं उंच. ओघळांमुळं चेहरा धड दिसत नव्हता, पण मान तिरकी करून उभं राहायची ती लकब तिनं धक्क्यावर पहिल्यांदा पाहिली होती, बावीस वर्षांची असताना.

"कॅप्टन," बाहेरून आवाज आला. "दार उघड ना गं. उशीर होतोय आपल्याला."

दोन वर्षं! दोन वर्षं तिनं हा शब्द ऐकला नव्हता. तिच्या पोटात काहीतरी लख्ख पेटलं. आनंदच होता तो, दुसरं काही नाही.

आतला बर्ल लाल फीत दोन्ही हातांनी ओढत होता. दार हलत नव्हतं. तो वळून तिच्याकडे बघून ओशाळा हसला. "अहो बाई, जरा मदत करता का? हे मला जमत नाहीये."

हार्लनची काठी तिच्या डोळ्यांसमोर आली. दबलेलं गवत आलं. सगळं आलं. आणि ओलेटानं टाचा उंचावून वरची कडी काढली.

दार सरकलं. फवाऱ्याचा झोत थेट तिच्या तोंडावर आला, डोळ्यांत रंग गेला. तिच्या कोपराला कुणीतरी घासून गेलं, पाय फरफटल्याचा आवाज झाला. तिनं गाउनच्या बाहीनं डोळे पुसले तेव्हा खोलीत बर्ल उभा होता. एकटाच. ताठ. दार लावलेलं. एवढ्या फवाऱ्यातून आलेला माणूस, पण त्याच्या अंगावर एक थेंब नव्हता.

"कॉफी टाकतेस की मी टाकू?" त्यानं विचारलं.

६

काय मिरवणूक झाली ती! टर्टल बेलनं तशी कधी पाहिली नव्हती. निळ्याशार पाण्यात पताका लावलेल्या होड्या, काठावर वाजंत्री, हार्लन तर खरोखर नाचला. पहिल्या होडीचं सुकाणू बर्लच्या हातात होतं. दोन बोटांनी फिरवत होता. वळणावर कोरिनकडे बघून त्यानं डोळा मारला.

"पोरी, अटलांटात पाणी नाही वाटतं? पांढरीफटक पडलीस."

कोरिन हसता हसता रडायला लागली. "आई, अगं बाबा बरे झाले! कसं काय गं?"

"मोकळं पाणी मिळालं त्याला," ओलेटा म्हणाली. तिनं मुलीला घट्ट धरलं होतं आणि ती पाण्याकडे बघत नव्हती. जाळीपाशी मासे उसळत होते. होडीला खालून एकदा काहीतरी मऊ लागलं, मग पुन्हा लागलं. हायड्रिलाची गाठ असेल. बर्लनं खाली पाहिलं नाही. होडीचा वेग तेवढा वाढवला.

संध्याकाळी निघताना कोरिन म्हणाली, "ती वृद्धाश्रमातली जागा उद्याच सोडते." ओलेटा पैज जिंकली होती.

७

रात्री बर्ल तिचा हात हातात घेऊन झोपला. ती मात्र टक्क जागी होती. तांबडं फुटायच्या आधी फवारे सुरू झाले. सळसळ सगळीकडे सारखी होती, फक्त त्यांच्या काचेवर मध्येच एका जागी तुटत होती.

ती उठली. बाहेरच्या खोलीत आली, पण पडद्यापाशी जाऊन थांबली. काचेवर हात फिरत होता. वरून खाली, मग बाजूला, मग पुन्हा वरून. सावकाश, न रागावता. काच कुठं संपते आणि दार कुठं सुरू होतं, हे न कळणारा हात. तो तिच्या ओळखीचा होता.

तिनं पडदा चार बोटं सरकवला. वाकलेली पाठ दिसली. निळा झालेला पायजमा, त्याला लोंबणाऱ्या तणाच्या दोऱ्या. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. बोट दिसलं. ते काचेवर टेकून आतल्या लाल फितीकडे दाखवत होतं, दिसली, सापडली, असं.

"अहो बाई," काचेपलीकडून अदबीनं आवाज आला. "माझं घर इथंच कुठंतरी आहे. जरा बघता का?"

तिला त्याला मिठीत घ्यायचं होतं, पुसायचं होतं, खुर्चीत बसवून गार चहा द्यायचा होता. तिचा हात वरच्या कडीपर्यंत गेलासुद्धा.

"कॅप्टन?" आतून, झोपेच्या खोलीतून, खणखणीत आवाजात बर्लनं विचारलं. "कोण आहे गं?"

कडीवरचा हात खाली आला.

"कोणी नाही," ती म्हणाली. "झोप तू."

मग तिनं मुठीची लाल फीत सोडली. गाठ जुनी होती, घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ तो हात काचेपलीकडे तिथंच, फितीच्या समोर, थांबून राहिला. फीत तिनं घडी करून स्वयंपाकघरातल्या खणात ठेवली आणि पंप बंद करायची किल्ली शोधायला लागली.